चार कोपऱ्यांतले तांदूळ

अहो, जरा वर बघा. दाराकडे नव्हे, दाराच्याही वर. सात पाकळ्यांची लाकडी कमान दिसतेय ना? तिच्यातली मधली, लाल. ती मी. काच बोलतेय म्हणून दचकू नका. अठ्ठावन्न वर्षं या गिरगावातल्या घरात सगळ्यांचं ऐकतेय, आता चार शब्द माझेही ऐका.

आधीच सांगून ठेवते, मी जरा तोंडाळ आहे. चौदा वर्षं तोंडाला डांबर फासून बसवलं होतं मला. एवढी वर्षं गप्प बसल्यावर कुणीही बोलत सुटेल. आणि बोलायचंय तेही काही माझ्या एकटीचं नाही. चार वर्षांपूर्वी मी भंगारवाल्याच्या टोपलीत जाता जाता वाचले. मी गेले असते, तर लालबागच्या एका म्हाताऱ्या सुताराच्या बापाची या जगातली शेवटची खूण माझ्याबरोबर गेली असती. तीच हकिगत सांगायची आहे.

माझा जन्म इथला नाही. लोक मला बेल्जमची काच म्हणतात, असेन बाई. मला आठवते ती भट्टी आणि एका माणसाचा श्वास. हो, मला तोंडाने फुंकून केलंय. त्याने लांब नळीतून फुंकून फुगा केला, फुग्याचं नळकांडं केलं, ते उभं चिरलं आणि तापवून आडवं पसरलं. आतून मी पांढरीच, वर लाल रंगाचा पातळ थर तेवढा. त्याच्या श्वासाचा एक बुडबुडा अजून माझ्या पोटात आहे, बाजरीच्या दाण्याएवढा. हल्लीच्या कारखान्यातल्या काचा बघा, गुळगुळीत, सरळ, एकीसारखी दुसरी. माझ्यात लाटा आहेत. माझ्यातून समोरच्या कौलांवरचा कावळा बघितला तर तो पाण्यात उभा असल्यासारखा हलतो. लोक याला खोट म्हणतात. म्हणोत.

गवतात गुंडाळून, पेटीत घालून बोटीने मला मुंबईला आणलं. तेव्हा प्लेगचा पहिला कहर ओसरला होता आणि अप्पासाहेबांनी हे घर बांधायला काढलं होतं. अप्पासाहेब म्हणजे जुने मुंबईकर प्रभू, खाण्यापिण्याचे नि नटण्यामुरडण्याचे शौकीन. गॅलरीच्या दारावर रंगीत काचांची कमान हवी, असा त्यांचा हट्ट. त्यासाठी त्यांनी मालवणकडचा एक सुतार गाठला. त्याचं नाव रामजी मेस्त.

रामजीचा हात मी विसरणार नाही. त्याने दिवाणखान्यात घोंगडी अंथरली, मला तिच्यावर निजवलं आणि कमरेच्या बटव्यातून हिरकणी काढली. हिरकणी म्हणजे हिऱ्याचा कण बसवलेली काच कापायची लेखणी. "आता कुणी बोलू नका," तो म्हणाला. घरातल्या बायकासुद्धा गप्प झाल्या, यावरून काय ते समजा. त्याने एका दमात एकच रेघ ओढली. मागून बोटाने हलकेच टिचकी मारली, आणि मी टक्कन सुटले. कड अशी की बोट फिरवलं तरी रक्त येऊ नये.

मग त्याने सागवानाच्या पट्ट्या एकीत एक गुंतवून कमान उभी केली, खिळा म्हणून कुठे मारला नाही. मला खाचेत ठेवायच्या आधी त्याने एक पुडी सोडली आणि माझ्या चारही कोपऱ्यांत तांदळाचा एकेक दाणा ठेवला.

अप्पासाहेब हसले. "काय रे रामजी, पूजा मांडतोस की काय?"

"नाय अप्पासाहेब. पावसाळ्यात सागवान फुगतं. काच घट्ट बसवली तर लाकूड तिला आवळतं नि तडा जातो. काचेक श्वास घेवक जागा व्हयी. तांदळाच्या दाण्याएवढी पुरते. म्हणून दाणाच ठेवतो. उकडा तांदूळ, जवसाच्या तेलात मुरवलेला. कीड लागत नाही."

"घरून आणतोस?"

"तर! बायको रोज ओरडते, माझे तांदूळ त्या खिडकेक कित्याक खावक घालतास म्हणून." रामजी हसला. "पोरगा मात्र खूश. दत्ताराम. चार वर्षांचाय. सात काचांचे अठ्ठावीस दाणे त्यानेच डब्यातून मोजून दिले. दोनदा चुकला, तिसऱ्यांदा जमलं."

मग त्याने काच पक्की करायला खडू नि तेलाची लांबी मळली, कडेने अंगठ्याने दाबत नेली, आणि दाणे दिसेनासे झाले. पुढच्या वर्षी कपाटं करायला अप्पासाहेबांनी त्याला बोलावणं धाडलं, तर निरोप आला की रामजी प्लेगात गेला आणि त्याची बायको पोराला घेऊन गावी गेली. अप्पासाहेब त्या दिवशी माझ्याकडे बघत बराच वेळ झोपाळ्यावर बसून होते. बाकी कुणाला त्याचं काही वाटलं नसावं. मला वाटलं.

पुढची चाळीस वर्षं मात्र मी सुखात काढली. उगाच नाकारू कशाला? घर पूर्वेला तोंड करून, समोर बुटकं कौलारू. सकाळचं ऊन थेट माझ्यातून आत यायचं आणि दिवाणखान्याच्या लाद्यांवर सातही रंग पडायचे. माझा लाल तुकडा भिंतीपासून हळूहळू पुढे सरकायचा. अप्पासाहेबांच्या पत्नीने त्याचंच घड्याळ केलं होतं. लाल तिसऱ्या लादीवर आली की भात चढवायचा, म्हणजे मंडळी जेवून वेळेवर कचेरीला जातात. थंडीत मी उशीर करायचे, उन्हाळ्यात घाई करायचे, पण माउली ते सगळं सांभाळून घ्यायची.

सून आली ती कालिंदी, माहीमची. अप्पासाहेबांचा मुलगा हेमचंद्र याची बायको. माप ओलांडून आत आली आणि नेमकी माझ्या लाल उन्हात उभी राहिली. सासूने लगेच कानमंत्र दिला, "तिसरी लादी लक्षात ठेव हो. घड्याळ बिघडेल, ही बिघडायची नाही." कालिंदीने ते मनावर घेतलं. "लाल आली गं!" अशी हाक या घरात रोज उठायची. पाहुण्यांना कळायचंच नाही की कोण आली.

मग बेचाळीस साल उजाडलं. जपानी विमानं येणार, मुंबईवर बाँब पडणार, अशी घबराट. रस्त्यावरचे दिवे झाकले, आणि वॉर्डन शिट्ट्या फुंकत हिंडू लागले. एका संध्याकाळी आमच्या घराखाली आवाज आला, "ओ पहिला मजला! वरच्या काचेतून उजेड दिसतोय. कागद लावा!"

आता हेमचंद्राचा स्वभाव सांगायला हवा. माणूस सज्जन, पण सरकारी कचेरीत हेडक्लार्क. अर्जाच्या तीन प्रती मागितल्या तर हा चार देणार. अख्ख्या गल्लीने खळ लावून खाकी कागद चिकटवले. ह्याला ते पटेना. कागद फाटला तर? वॉर्डन पुन्हा आला तर? कालिंदी चार दिवस माहेरी गेली होती. तेवढ्यात ह्याने रस्त्याच्या कामावरून डबाभर डांबर मिळवलं, बनियनवर गॅलरीत स्टूल मांडलं आणि आम्हा सातही जणींच्या तोंडाला बाहेरून दोन दोन हात फासले. वर मान मागे टाकून म्हणतो, "झालं! आता बिशाद आहे उजेडाची!"

कालिंदी परत आली, तिने वर बघितलं आणि हातातली पिशवी खालीच ठेवली. "हे काय केलंत?"

"वॉर्डनचा हुकूम," हेमचंद्र म्हणाला.

लढाई संपली. लोकांनी कागद टराटरा फाडले, काचा धुतल्या. हेमचंद्रानेही एका रविवारी चाकू घेऊन माझ्यावर एक रेघ मारली. असा कर्कश आवाज झाला की तोच घाबरून खाली उतरला. "पुढच्या रविवारी बघू," म्हणाला. तो रविवार काही आला नाही. कालिंदीने गजराचं घड्याळ आणलं. दिवसाढवळ्या दिवाणखान्यात दिवा लागायला लागला. नवीन आलेल्या लोकांना तर वाटायचं, वर काळ्या फळ्याच ठोकल्यात. मला आतलं सगळं दिसायचं, बाहेरचं नुसतं ऐकू यायचं. कावळासुद्धा दिसेनासा झाला. एवढ्याशा गोष्टीने जीव किती तुटतो, ते तुम्हाला सांगून कळायचं नाही.

छप्पन्नचा जानेवारी मी असा ऐकला, पाहिला नाही. खालून मोर्चे जायचे. "मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे!" या आरोळीने आम्ही खाचेत थरथरायचो, रामजीने सोडलेली तेवढी जागा होती म्हणून निभावलं. मग शिट्ट्या, पळापळ, गोळीबाराचे आवाज. अश्रुधूर घरात शिरला. कालिंदी घागर नि ओली फडकी घेऊन जिन्याकडे धावली.

"अगं, कुठे निघालीस? सरकारी नोकरी आहे माझी!"

"पाणी पाजल्याने नोकरी जात नाही. आणि गेली तर जाऊ दे," असं म्हणून ती गेलीसुद्धा. हेमचंद्र दोन मिनिटं दाराशी घुटमळला आणि मग दुसरी घागर घेऊन तिच्या मागोमाग उतरला. त्या दिवशी मला तो पहिल्यांदा आवडला.

त्याच गडबडीत एक दगड वर आला. कुणी कुणाला मारला होता, देव जाणे. तो माझ्या डाव्या बाजूच्या हिरवीला लागला. चोपन्न वर्षांची माझी शेजारीण खळ्ळकन गेली. तिच्या जागी चार टोकदार तुकडे उरले आणि भोकातून वारा घुसायला लागला.

हेमचंद्राला जणू निमित्तच हवं होतं. "आता सगळी कमानच काढून टाकू. चौकोनी चौकट, साधी दुधी काच. घरात उजेड तरी येईल."

"ती लाल..." कालिंदी म्हणाली.

"अगं, ते गेलं आता. डांबर निघत नाही." हे बोलताना तो तिच्याकडे बघत नव्हता.

लालबागच्या एका सुताराला सांगावा गेला. तो सोमवारी येणार होता, संचारबंदीमुळे शुक्रवारी उगवला. साठीला टेकलेला, गिरणीच्या सुतारखात्यातून नुकताच सुटलेला. खांद्यावर हत्यारांची पिशवी, छातीला संयुक्त महाराष्ट्राचा बिल्ला.

"नाव काय मेस्त्री?" हेमचंद्राने विचारलं.

"दत्ताराम रामजी मेस्त."

मला हात असते तर मी तिथेच टाळी वाजवली असती. रामजीचा दत्ताराम! अठ्ठावीस दाणे मोजून देणारा! मी वरून त्याला न्याहाळत होते. तीच रुंद नखं, जिना चढताना तसाच उजवा खांदा झुकलेला. आणि मला काचेला तोंड असून बोलता येईना.

"तर मेस्त्री, वरचं हे सगळं फोडायचं," हेमचंद्र चपला घालत म्हणाला. "काही जपायचं नाही. तुकडे टोपलीत भरून ठेवा, बाराला भंगारवाला येईल. संध्याकाळी मी मापं देतो." आणि तो कचेरीला गेला.

दत्तारामने खाली गोणपाट पसरलं, शिडी लावली, पटाशी नि हातोडी घेऊन वर चढला. माझ्या काळ्या तोंडापासून त्याचा चेहरा हातभर अंतरावर. त्याने माझ्यावर हातोडीची मूठ ठोकून बघितली. आता माझी घटका भरली, असं मला वाटलं. आपल्या बापाचं काम स्वतःच्या हाताने फोडायला निघालेला माणूस, आणि त्याला पत्ताच नाही!

पण सुतार तो सुतारच. आधी फुटकी हिरवी काढून घ्यावी म्हणून तो तिच्याकडे वळला. एकेक तुकडा हाताने सोडवला, मग कडेच्या लांबीत पटाशी घातली. लांबीचा एक पापुद्रा निघाला आणि त्यातून एक दाणा त्याच्या तळहातावर पडला. त्याने तो उडवून दिला. उंदराने आणला असेल, असं पुटपुटला. दुसऱ्या कोपऱ्यात पटाशी घातली. पुन्हा दाणा. आता हात थांबला. तिसऱ्या कोपऱ्यात त्याने पटाशी ठेवली नि नखाने लांबी खरवडली. पुन्हा दाणा, पिवळा पडलेला, कडक. त्याने तो दाताखाली धरून बघितला.

"उकडो," तो स्वतःशीच म्हणाला.

चौथा काढला आणि तो शिडीवरून उतरून सरळ जमिनीवर बसला.

कालिंदी स्वयंपाकघरातून बाहेर आली. "काय हो मेस्त्री, चक्कर आली का? पाणी देऊ?"

त्याने मूठ उघडली. "बाई, ही कमान कुणी केली?"

"मला कसं ठाऊक असणार? सासऱ्यांच्या वेळची. कुणी कोकणातले होते म्हणे. का?"

"माझा बाप करायचा असं. मी पाच वर्षांचा होतो, तेव्हा गेला. चेहरा आठवत नाही मला त्याचा. आई सांगायची, काचेच्या कोपऱ्यांत घरचे तांदूळ ठेवायचा आणि मी डब्यातून मोजून द्यायचो. मी समजायचो, पोराला रमवायला सांगते. मी स्वतः चाळीस वर्षं सुतारकी केली, पण असं ठेवलेलं कुठे बघितलं नाही. त्याचं एकसुद्धा काम मला ठाऊक नव्हतं." तो लाद्यांवर इकडेतिकडे बघायला लागला. "आणि मी एक दाणा उडवून दिला हो बाई!"

मग काय सांगू, ते दोघं जमिनीवर गुडघे टेकून दाणा शोधायला लागले. तो डोळे पुसत लाद्यांवरून हात फिरवतोय, आणि तीस वर्षं तांदूळ निवडलेली कालिंदी पदर खोचून फटीफटीत बघतेय. तिलाच सापडला, तिसऱ्या लादीच्या कडेला. तिने तो फुंकून स्वच्छ केला आणि त्याच्या हातावर ठेवला. मी वर बसून रडले असते, पण आमच्यात ती सोय नाही.

बाराला भंगारवाला आला. "आज काही नाही," म्हणून कालिंदीने त्याला जिन्यावरूनच वाटेला लावलं.

दत्तारामने रॉकेल मागितलं. कालिंदी म्हणाली, "चिंच नि राख लावू का? पितळ कसं लख्ख निघतं." त्याने दोन्ही हात जोडले. "नको बाई, राखेने चरे पडतील." त्याने बांबूची कामटी तासली, चिंधी रॉकेलात बुडवली आणि गॅलरीत स्टुलावर उभा राहून माझ्या तोंडावरून फिरवायला लागला. डांबर आधी हटेना. मग मऊ झालं, मग ओघळलं. दुपारी कधीतरी त्याच्या बोटाएवढा लाल डाग उघडा पडला आणि चौदा वर्षांनी मला बाहेरचं दिसलं. समोरच्या कौलांवर कावळा होता. तोच असेल असं नाही. मला तोच वाटला.

संध्याकाळी हेमचंद्र आला. घरभर रॉकेलचा वास, कमान जागच्या जागी, मेस्त्री कोपरापर्यंत काळा. "मेस्त्री, हे काय? मी फोडायला सांगितलं होतं."

दत्तारामने दाणे दाखवले, सगळं सांगितलं. मग म्हणाला, "साहेब, तुमचं घर आहे, फोडायचं असेल तर फोडा. पण दुसऱ्याला बोलवा, माझ्या हातून होणार नाही. नाहीतर मी ही अख्खी उतरवून घेऊन जातो. मजुरी नको मला."

"कुठे नेणार? घर केवढं तुमचं?"

"दहा बाय दहा."

"मग ही कुठे बसवणार?"

"बसवायची कुठे? भिंतीला टेकून ठेवीन."

हेमचंद्राने टोपी खुंटीला अडकवली, पुन्हा काढली, पुन्हा अडकवली. "उद्या सकाळी या," एवढंच बोलला. त्याचा होकार की नकार, ते कुणालाच कळलं नाही. मलाही नाही.

दुसऱ्या दिवशी दत्ताराम उन्हाच्या आधीच हजर. रात्रभर झोपला नसावा. हेमचंद्र झोपाळ्यावर चहा पीत बसला होता, तोंड जरा पडलेलंच. साडेआठच्या सुमाराला ऊन समोरच्या कौलांवरून वर आलं आणि माझ्यातून आत शिरलं. पाच जणी अजून काळ्याच होत्या, हिरवीच्या भोकावर गोणपाट होतं. अंधाऱ्या दिवाणखान्यात माझा एकटीचाच लाल तुकडा पडला, बरोबर तिसऱ्या लादीवर.

कालिंदी स्वयंपाकघराच्या दारात आली आणि थबकली. मग तिच्या तोंडून आपसूक हाक गेली, "अहो, लाल आली!"

हेमचंद्राने कप खाली ठेवला. तो त्या लाल तुकड्याकडे बघत म्हणाला, "वॉर्डन नुसतं कागद लावा म्हणाला होता. डांबर माझंच डोकं. तुला चौदा वर्षं खोटं सांगितलं मी."

"मला माहीत होतं," कालिंदी म्हणाली. "तो वॉर्डन चार दिवसांनी मला जिन्यात भेटला होता. म्हणाला, तुमच्या साहेबांना जरा आवरा."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही रोज वर बघायचं टाळत होता. तेवढी शिक्षा पुरे होती की."

हेमचंद्र आधी ओशाळला, मग हसायला लागला आणि हसता हसता त्याला ठसकाच लागला. डोक्यावरचं ओझं उतरलेला माणूस कसा दिसतो, ते मी त्या दिवशी बघितलं. "मेस्त्री," तो म्हणाला, "कमान इथेच राहील. सगळ्या काचा साफ करा. आणि तुमच्या वडिलांनी जशी बसवली होती, तशीच ठेवा." दत्तारामने वर माझ्याकडे बघून हात जोडले. मला नव्हे हो, ज्याला जोडले तो मला कळला.

आठवडाभर काम चाललं. बाकीच्यांची लांबी खिळखिळी झाली होती, ती त्याने नवी भरली. कालिंदीने वाटीत आंबेमोहर आणून दिला, कुठे दाणे गळले असतील तर लावायला. दत्तारामने एक दाणा चिमटीत धरला, तो मोडलाच. "बाई, हा तुमच्यासारख्या लोकांच्या जेवणाचा. खिडकीच्या पोटाला आमचाच उकडा लागतो," तो म्हणाला आणि दुसऱ्या दिवशी घरून पुडी घेऊन आला. माझ्या कोपऱ्यांतले चारही दाणे शाबूत होते. त्याने ते नुसते बोट लावून बघितले आणि पुन्हा झाकले.

हिरवीच्या जागी मात्र त्याने साधी फळी बसवली. "तात्पुरती आहे. असली काच आता होत नाही, शोधावी लागेल," म्हणाला. तिचे चार दाणे त्याने रुमालाच्या गाठीत बांधून नेले.

तो खरंच शोधत राहिला. चोरबाजार पालथा घातला, पाडकामं चालली होती तिथे तिथे जाऊन उभा राहिला. दर दोन-तीन महिन्यांनी यायचा, झोपाळ्याच्या बाजूला बसायचा, मान वर करून म्हणायचा, "नाय मिळाली अजून." मग कालिंदीच्या हातचा चहा नि हेमचंद्राशी संयुक्त महाराष्ट्र समितीच्या गप्पा. हेमचंद्र आता बोलायचा, खिडकी उघडी ठेवून बोलायचा.

चार वर्षं गेली. परवा, एप्रिलच्या शेवटच्या दिवशी, अख्खं गिरगाव नटत होतं. उद्यापासून महाराष्ट्र राज्य, मुंबईसह! दारोदारी तोरणं, गुढ्या, दिव्यांच्या माळा. अशा गर्दीतून दत्ताराम सकाळी सकाळी आला तो छातीशी काहीतरी गोणपाटात गुंडाळून. माहीमला एक जुना बंगला पाडला, त्यातली हिरवी काच होती. जुन्या हिरवीसारखी नव्हेच. ती पोपटी, ही जरा गडद, आणि कडेला टवका उडालेला. पण तिच्यातही लाटा होत्या. मला ती पाहताक्षणी आवडली.

त्याने घोंगडी अंथरली. हिरकणी ठेवली. "आता कुणी बोलू नका," म्हणाला. अठ्ठावन्न वर्षांनी तेच शब्द! एका दमात एकच रेघ ओढली, टिचकी मारली, टक्क. मग रुमालाची गाठ सोडली. तीन कोपऱ्यांत बापाचे तीन दाणे ठेवले आणि चौथ्यात पुडीतला एक.

कालिंदीच्या नजरेतून काही सुटत नाही. "मेस्त्री, चौथा हरवला का?"

"नाही बाई. चौथा माझ्या घरचा. बापाचा एक दाणा माझ्याकडे राहू दे." त्याने तो एकुलता दाणा पुन्हा रुमालात बांधला, खिशात ठेवला आणि वरून दोनदा चाचपून बघितला.

त्या संध्याकाळी हेमचंद्राने दिवाणखान्यातले सगळे दिवे लावले. रस्त्यावरचे लोक मान वर करून आम्हा सात जणींकडे बघत होते. एकाने विचारलं, "काका, ही रोषणाई कुठून आणलीत?" हेमचंद्राने दत्तारामच्या खांद्यावर हात ठेवला आणि ओरडून सांगितलं, "ह्यांच्या वडिलांनी केली!" उजेड बाहेर दिसतोय म्हणून आता कुणी शिट्टी फुंकणार नव्हतं.

तर अशी मी. अंगावर डांबराचा एक डाग अजून आहे, चाकूचा एक चरा आहे, पोटात बुडबुडा आहे. माझं काही मागणं नाही, एक सोडून. तुमच्या घरी माझ्यासारखी जुनी काच असेल आणि ती काढून दुधी बसवायची ठरली असेल, तर हातोडी उचलायच्या आधी कडेची लांबी नखाने जरा खरवडून बघा. आत कुणाच्या तरी घरचे तांदूळ असतील. कुणातरी पोराने ते मोजून दिलेले असतील.

बरं, पुरे झालं आता. ऊन समोरच्या कौलांवर आलंय आणि मला तिसरी लादी गाठायची आहे. कालिंदीने पातेलं घेऊन ठेवलंय, भात माझ्यासाठी खोळंबलाय. आज दत्ताराम जेवायला आहे.